तिठ्यावरचं ज्ञान

गणपतीला अजून दीड महिना आहे. गेल्या रविवारी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कार्यक्रम ठरवायची बैठक झाली. वर्गणी, आरतीच्या वेळा, महाप्रसाद हे सगळं वीस मिनिटांत आटपलं. वाद पेटला तो प्रश्नमंजुषेवरून. बारा वर्षं ही स्पर्धा मी घेतोय, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या. एका बाजूचं म्हणणं असं, की खिशातल्या फोनमध्ये सगळं असताना राजधान्या आणि नद्या पाठ करायला लावणं म्हणजे मुलांचा वेळ फुकट घालवणं. त्यापेक्षा कोडिंगची कार्यशाळा ठेवा. दुसरी बाजू म्हणाली, स्पर्धा हवीच, पण सिनेमा, गाणी, मालिका, क्रिकेट हे काढून टाका आणि पुढे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं ‘खरं’ सामान्यज्ञान ठेवा. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती, मुलांच्या काळजीने बोलत होती. पण तासभर चाललेल्या त्या वादात प्रश्न कसे असावेत, हे एकानेही विचारलं नाही. प्रश्नमंजुषा म्हणजे जणू एक ठरलेली वस्तू, ती ठेवायची किंवा टाकायची, एवढंच. हाच वाद शाळांच्या सभांत होतो, घराघरांत होतो आणि सगळीकडे असाच अर्धवट होतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. किरकोळ वाटणारी माहिती डोक्यात असणं ही चैन नव्हे, विचार करायला लागणारा तो कच्चा माल आहे. सिनेमाचा प्रश्न भूगोलाच्या प्रश्नापेक्षा हलका असतो, हे मला मान्य नाही. आणि प्रश्नमंजुषेत जे वाईट शिरलंय, ते पुष्कळ आहे, पण त्याचा जाब उत्तर देणाऱ्या मुलाच्या पाठांतराला विचारून भागणार नाही. प्रश्न काढणाऱ्याला विचारावा लागेल. म्हणजे मलाही.

गेल्या वर्षीचा एक प्रश्न सांगतो. ‘मुंबईच्या किनाऱ्यावरून होडी काढली आणि नाकासमोर बरोबर पश्चिमेला गेलो, तर पहिली जमीन कोणत्या देशाची लागेल?’ सहावी-सातवीतल्या तिघांचा संघ होता. एकजण लगेच म्हणाला, ‘आफ्रिका.’ मी म्हटलं, आफ्रिका हा देश नाही. दुसरी पुटपुटली, ‘दुबई असेल.’ तिसरा मुलगा तोपर्यंत गप्प होता. हाताच्या तळव्यावर बोटाने काहीतरी काढत होता. तो तिला म्हणाला, ‘अगं नाही, दुबई वर आहे, कराचीच्या लाइनीत. आपण कराचीच्या खूप खाली.’ मग थांबला, पुन्हा तळव्यावर बोट फिरवलं. ‘दुबईच्या खाली काय? मस्कत? माझे मामा मस्कतला आहेत. म्हणजे ओमान!’ उत्तर बरोबर होतं. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, दुबई आणि कराची दोन्ही २५ अंशांच्या आसपास, आणि १९ अंशांच्या रेषेवर अरबी समुद्र ओलांडला की ओमानचाच किनारा लागतो. हे उत्तर त्या मुलाला पाठ नव्हतं, असं कोणत्याही पुस्तकात एका ओळीत छापलेलं नसतं. पण दुबई कुठे, कराची कुठे, मस्कत कोणत्या देशात, या तीन गोष्टी त्याला पाठ होत्या. त्या नसत्या तर तळव्यावर काढायला त्याच्याजवळ काय होतं?

फोनचा मुद्दा आता घेऊ, कारण तो सगळ्यांत जास्त वेळा मांडला जातो आणि त्यात तथ्य आहे. हा मुद्दा फोनइतका नवा मात्र नाही. १९२१ साली थॉमस एडिसन नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांना एक भलीमोठी प्रश्नावली सोडवायला देत असे. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कुठे आहे, असे सुमारे दीडशे प्रश्न. कॉलेजात शिकलेल्या मुलांना काही येत नाही, असं त्याचं मत होतं. ते प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले आणि अमेरिकेत गदारोळ झाला. त्याच दिवसांत आइन्स्टाइन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. बॉस्टनमध्ये त्यांना त्या धर्तीवर विचारलं गेलं, की ध्वनीचा वेग किती? त्यांनी सांगितलं की चटकन सांगता येणार नाही. पुस्तकात सहज सापडणारी गोष्ट ते डोक्यात वागवत नाहीत. शिक्षणाचं काम मनाला विचार करायला शिकवण्याचं आहे, असंही ते म्हणाले. आज फोनवाले जे म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वी आइन्स्टाइन म्हणून गेले आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालायला मी कोण? एडिसनची चाळणी वाईट होती, यात मला शंका नाही. व्होल्गा माहीत नसलेला माणूस उत्तम रसायनतज्ज्ञ असू शकतो.

पण आइन्स्टाइनना काय माहीत नव्हतं आणि काय माहीत होतं, याकडे नीट बघायला हवं. त्यांना आकडा चटकन सांगता आला नाही. ध्वनीला वेग असतो, तो प्रकाशापेक्षा कितीतरी कमी असतो, तो माध्यमावर अवलंबून असतो आणि ही माहिती कोणत्या पुस्तकात बघायची, हे सगळं त्यांना माहीत होतं. शोधण्यासाठी जे आधी माहीत असावं लागतं, ते त्यांच्याकडे भरपूर होतं. सातवीतल्या मुलाकडे ते नसतं. ते त्याला कुठून तरी मिळवावं लागतं. जे आहे याचीच कल्पना नाही, ते शोधायचं कसं सुचणार? होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढल्याची बातमी येते, तेव्हा ज्याच्या डोक्यात तो नकाशा आहे तो क्षणात ओळखतो: एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमानचं टोक, आखातातलं तेल त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर येतं आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा त्याच्याशी संबंध आहे. ज्याच्या डोक्यात नकाशा नाही तो फोन काढून होर्मुझ शोधत बसत नाही. तो ती बातमी सोडून पुढची वाचतो.

१९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल ठाऊक होता, काहींना नाही. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पटाईत पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर कितीतरी चांगला समजली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला. फॉलोऑन म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने कसोटी सामन्याचा वृत्तान्त कितीही शुद्ध उच्चारात वाचला तरी त्याच्या हाती काय लागेल? ‘समजून घ्या, पाठ करू नका’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की समजण्यासाठी आधी काहीतरी माहीत असावं लागतं हे विसरूनच जातो. आणि या प्रयोगात समज वाढवणारी माहिती कसली होती? खेळाची. आमच्या बैठकीतली दुसरी बाजू जी कचरा म्हणून काढून टाकायला निघाली होती, तीच.

तर आता त्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. अशा फुटकळ माहितीला इंग्रजीत ‘ट्रिव्हिया’ म्हणतात आणि त्या शब्दातच हेटाळणी आहे. पण त्याचं लॅटिन मूळ पाहा: ‘त्रि’ म्हणजे तीन आणि ‘व्हिया’ म्हणजे वाट. तीन वाटा मिळतात ती जागा. आपल्याकडे नेमका यालाच शब्द आहे, तिठा. कोकणात एसटी तिठ्यावर थांबते, तिथेच चहाची टपरी असते, तिथेच कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुठल्या दशावतारी मंडळाचा नाटकाचा खेळ कुठे आहे, कोणत्या धरणाचं पाणी सुटलं हे सगळं कळतं. रोमन विद्वानांनी तिठ्यावरचं बोलणं म्हणून ज्याला सामान्य ठरवलं, ते आमच्या गावांत माणसाला जगाशी जोडून ठेवणारं बोलणं होतं. पुढे मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पायाभूत तीन विद्यांनाही हेच तिठ्याचं नाव मिळालं. एकाच शब्दाच्या वाट्याला हेटाळणीही आली आणि विद्येचा पायाही आला.

माझ्या यादीतला एक सिनेमाचा प्रश्न असा होता: ‘१९१७ सालच्या ‘लंका दहन’ या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटात रामाची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. सीतेची कोणी केली?’ मुलांच्या संघांना येईना. प्रश्न प्रेक्षकांकडे गेला. पुढच्या रांगेत खुर्चीत बसलेल्या, ऐंशी पार केलेल्या एक आजी हात वर न करताच म्हणाल्या, ‘अरे, साळुंक्यांनीच! माझे वडील सांगायचे ना, सीतेचे दंड चांगले भरदार होते म्हणून.’ सभागृह हसलं. आणि मग आठवीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, ‘पण काका, बायका का नव्हत्या?’ त्यानंतरची दहा मिनिटं स्पर्धा थांबली होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तारामती म्हणून पडद्यावर आले तेही साळुंकेच, ग्रँट रोडजवळच्या एका उपाहारगृहात काम करणारे आचारी. फाळक्यांना बाई मिळेना, कारण प्रतिष्ठित घरातली सोडाच, ज्यांना समाजाने प्रतिष्ठा नाकारली होती त्या बायकाही सिनेमात यायला तयार नव्हत्या. आणि त्याच वर्षी, त्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. ही कमलाबाई म्हणजे पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. ज्या अभिनेत्याला त्या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं, त्याच्या आजीने आणि पणजीने ती दारं उघडली होती.

हे सामान्यज्ञान नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातल्या प्रवेशाबद्दल पाठ्यपुस्तकात परिच्छेद असतात, मुलं ते वाचतात आणि परीक्षेत उतरवतात. पण त्या दिवशी एका मुलीने तो प्रश्न स्वतःहून विचारला, कारण सीतेची भूमिका रामाने केली हे तिला खटकलं. ‘नोबेल पारितोषिकाची रक्कम किती’ या प्रश्नाने असं काय खटकणार आहे? तरी तो ‘खरा’ आणि हा करमणुकीचा. ही उतरंड ज्ञानाची नाही. मोठेपणी कुठल्या परीक्षेत कशाला गुण आहेत, एवढ्यावरून ती लावलेली आहे.

भूगोलही आमच्या घरांत असाच करमणुकीतून आणि भक्तीतून आला होता. माझ्या आजीने रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फारसं काही पाहिलं नव्हतं, पण आंघोळीला बसली की ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि’ म्हणत तांब्या डोक्यावर घेई. सात नद्यांचा देश तिला रोज सकाळी आठवत होता. अष्टविनायकाच्या श्लोकाने मोरगाव, सिद्धटेकपासून ओझर, रांजणगावपर्यंतची ठिकाणं लोकांच्या जिभेवर ठेवली. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतलं नाव-गाव-फळ-फूल! ‘इ’ आलं की इगतपुरी सगळेच लिहीत, म्हणून त्याचे पाचच गुण. जो इंदापूर लिही त्याला दहा. माझी एक मावसबहीण मुद्दाम कोणी न ऐकलेली गावं शोधून ठेवायची आणि आम्ही ओरडायचो, ‘असं गाव आहेच कुठे?’ मग ती तालुका सांगायची, वाटेवरचा घाट सांगायची, तिथे कोण राहतं ते सांगायची. पुरावा द्यावा लागे, नाहीतर शून्य. त्या एका खेळात आम्ही महाराष्ट्राचा जेवढा नकाशा शिकलो तेवढा शाळेत शिकलो नाही.

आता विरोधातला जो मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो, तो. ‘सामान्य’ ज्ञान म्हणजे कोणाचं सामान्य? आपल्याकडच्या खुल्या क्विझची सुरुवात १९६७ साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी केली, असं मानलं जातं. इंग्रजी शाळा, क्लब, घरात इंग्रजी पुस्तकांची कपाटं या जगातला तो खेळ होता. रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’, आंतरशालेय स्पर्धा या सगळ्यांत ज्या घरात विश्वकोश आणि इंग्रजी वर्तमानपत्र होतं त्या घरातलं मूल पुढे जाणार हे जवळजवळ ठरलेलं असे. त्या मुलाने आपण हुशार आहोत असं समजावं आणि बाकीच्यांनी आपण मठ्ठ आहोत असं, हा अन्याय होता. तो झाला आहे. अनेकांच्या मनावर त्याचे ओरखडे अजून आहेत आणि जे लोक प्रश्नमंजुषेचं नाव काढताच वैतागतात, त्यांच्यातले बरेच त्या ओरखड्यांमुळे वैतागतात, हे मला समजतं.

याला उत्तर म्हणून लोक ‘कौन बनेगा करोडपती’कडे बोट दाखवतात. जुलै २००० मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला, काही महिन्यांतच केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, आणि २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी १ कोटी जिंकले. ताडेबाईंना त्या खुर्चीत पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण लाखो लोकांतून एकजण तिथे पोहोचला, याने बाकीच्यांवरचा अन्याय पुसला जात नाही, आणि त्या दोन नावांच्या आडोशाला मी उभा राहणार नाही. माझं उत्तर वेगळं आहे. ‘सामान्य’ची व्याख्या चुकली असेल तर ती वाढवा. आणि ती वाढवायला लोकसंस्कृतीइतकी रुंद वाट दुसरी नाही. जत्रा, तमाशा, भारूड, लोकल गाड्यांची स्थानकं, रेडिओवरची गाणी, शेतातली पिकं, मासे, हे प्रश्न विचारले की कपाटातल्या विश्वकोशाचा दबदबा कमी होतो.

तीन वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, ‘जायकवाडी धरणाच्या जलाशयाला कोणत्या संताचं नाव आहे आणि तेच का?’ सोसायटीतल्या इंजिनिअर, डॉक्टर, सीए मंडळींच्या मुलांना धरण माहीत होतं, जलाशयाचं नाव माहीत नव्हतं. मंडपाच्या कडेला उभे असलेले आमचे वॉचमन पुढे आले आणि म्हणाले, ‘नाथसागर. पैठणला हाय ना धरण, नाथांचं गाव.’ टाळ्या पडल्या. मी माइक त्यांच्याकडे दिला. ते जरा अवघडले, मग म्हणाले, ‘आमच्या आज्याचं शिवार त्या पाण्याखालीच हाय.’ बास, एवढंच. मंडपात कोणी काही बोललं नाही. पुढचा प्रश्न विचारायला मला वेळ लागला. एका ओळीचा प्रश्न होता तो, ‘फुटकळ’ माहितीचा. त्या दिवसापासून मुलं त्यांना ‘नाथसागर काका’ म्हणतात आणि दरवर्षी एक प्रश्न मी त्यांच्याकडूनच घेतो.

क्विझवाल्यांच्या बाजूनेही एक खोटेपणा वर्षानुवर्षं चालत आलाय, तोही इथेच मान्य करायला हवा. भराभर उत्तरं देणारा तो बुद्धिमान, हा समज. अमेरिकेने याची मोठी किंमत मोजली. १९५६ साली ‘ट्वेंटी-वन’ या टीव्ही कार्यक्रमात हर्ब स्टेंपेल नावाचा स्पर्धक सतत जिंकत होता. निर्मात्यांना त्याच्या जागी देखणे, घरंदाज प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन हवे होते. त्यांनी स्टेंपेलला हरायला सांगितलं, आणि तेही सिनेमाच्या एका सोप्या प्रश्नावर: १९५५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर होतं ‘मार्टी’. स्टेंपेलला ते माहीत होतंच, तो त्याचा आवडता चित्रपट होता. त्याने ठरल्याप्रमाणे चुकीचं नाव घेतलं. व्हॅन डोरेन यांचं चित्र टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं, देशाने त्यांना विद्वत्तेचा आदर्श ठरवलं. १९५९ मध्ये त्यांनी संसदीय समितीसमोर कबूल केलं की उत्तरं आधीच दिली जात होती. माणसाची हुशारी उत्तरांच्या मोजणीवर तोलायची म्हटली की तराजूत हात घालणारे येतातच. स्टेंपेलचं दुःख मात्र मला पैशांपलीकडचं वाटतं. आपल्याला मनापासून आवडलेली गोष्ट माहीत नाही, असं त्याला लाखो लोकांसमोर म्हणावं लागलं.

म्हणजे गुणांना बुद्धीचं मोजमाप मानू नये, एवढं यातून निघतं. उत्तर शोधण्यात काही अर्थ नाही, असं निघत नाही. २०११ साली आयबीएमच्या ‘वॉटसन’ या संगणकाने ‘जेपर्डी’ या कार्यक्रमात केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन अव्वल खेळाडूंना सहज हरवलं. माहितीचा साठा म्हणून माणूस यंत्रापुढे टिकणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं. पण पहिल्या सामन्यातला शेवटचा प्रश्न आठवा. विषय होता अमेरिकेतली शहरं: कोणत्या शहराचा सगळ्यांत मोठा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातल्या वीराच्या नावाने आहे आणि दुसऱ्या क्रमांकाचा त्याच युद्धातल्या एका लढाईच्या नावाने? दोन्ही माणसांनी शिकागो लिहिलं, एक ओहेअर, दुसरा मिडवे. वॉटसनने लिहिलं टोरांटो, जे कॅनडात आहे. आजची यंत्रं ही चूक करणार नाहीत आणि माझा भर यंत्राच्या चुकीवर नाहीच. भर आहे तो त्या तीस सेकंदांत दोन माणसांच्या डोक्यात काय झालं असेल त्यावर: दोन मोठे विमानतळ असलेली शहरं किती, न्यूयॉर्क बसतं का, मिडवे ही लढाई ना, अरे! ही ‘अरे!’ कोणत्याही यंत्राला मिळू दे वा न मिळू दे, मुलाला ती मिळते, आणि ती एकदा मिळालेलं मूल पुन्हा तिच्या मागे जातं.

जो प्रश्न ही ‘अरे!’ देऊ शकत नाही तो विचारूच नये. ‘गोदावरीची लांबी किती?’ १,४६५ किलोमीटर. आलं तर आलं, नाही तर नाही. विचार करून काढता येत नाही, कळून पुढे काही सुचत नाही. हाच प्रश्न असा विचारा: ‘त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीला अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे, मग ती एवढा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला का जाते?’ आता मुलाला सह्याद्री आठवावा लागतो, दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं हे आठवावं लागतं. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ यापेक्षा ‘१९६० मध्ये २६ होते, आता ३६ आहेत, यातला सगळ्यांत नवा कोणता आणि तो कोणाच्या पोटातून निघाला?’ असं विचारलं की आमच्या मुलांना कळतं, आपण राहतो त्या ठाणे जिल्ह्यातूनच २०१४ साली पालघर वेगळा झाला. माहिती शिळी होते म्हणून पाठ करू नये, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. जुनं नाव ज्याला माहीत होतं त्यालाच काहीतरी घडलं याची चाहूल लागली.

आणि चुकीचे प्रश्न! एका प्रश्नसंग्रहाच्या अमेरिकन लेखकाने चोरी पकडण्यासाठी मुद्दाम एक खोटी माहिती घुसडली होती: टीव्हीवरच्या गुप्तहेर कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’. ‘ट्रिव्हियल परसूट’ या जगभर खपलेल्या खेळात तो प्रश्न जसाच्या तसा अवतरला. लेखक कोर्टात गेला आणि हरला, कारण तथ्यांवर कोणाचा मालकी हक्क नसतो. खोटं मात्र घरोघरी पोहोचलं. आमच्याकडे हे रोज होतं. मी स्वतः एका वर्षी बाजारातल्या एका पुस्तकातून ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न घेतला आणि हॉकी म्हणणाऱ्या संघाला गुण दिले. दहावीतल्या मुलीने आक्षेप घेतला, की सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, तसं २०१२ साली माहिती अधिकारात लेखी उत्तर मिळालंय. मी तिचा आक्षेप फेटाळला. घरी जाऊन पाहिलं तर ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर माइकवरून माफी मागितली, पण चषक दुसऱ्या संघाच्या घरी गेलेला होता. ‘राष्ट्रभाषा कोणती’ हा प्रश्नही असाच; राज्यघटनेत राष्ट्रभाषा कुठेच नाही, संघराज्याची राजभाषा आहे. हे खोटे प्रश्न पाठ करून किती मुलं मोठी झाली असतील?

स्पर्धा परीक्षांचं नाव घेऊन सामान्यज्ञान ‘शुद्ध’ करायला निघालेल्यांनी जरा पुण्याकडे बघावं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं लोकसेवा आयोगाने ठरवलं तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला मुलं रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. मी त्या मुलांना दोष देत नाही. चार पर्यायांतून एक निवडायची तयारी करण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांनी वेळ मागितला, तो रास्त होता. पण एका ओळीच्या उत्तराभोवती एवढा मोठा बाजार उभा राहिलेला असताना, सोसायटीच्या गणपतीतली तासाभराची स्पर्धाही त्याच साच्यात का कोंबायची? मुलांना कोणी गुण न कापता विचार करायला देणारी ती एकच जागा उरली असेल तर?

बैठकीत शेवटी ठरलं ते असं: स्पर्धा राहणार, सिनेमाची फेरीही राहणार, आणि प्रश्न आधी तीन जणांनी तपासायचे, त्यात एक दहावीच्या आतलं मूल हवंच. ही शेवटची अट माझी.

त्या अटीसाठी मी ज्याच्याकडे गेलो तो गेल्या वर्षीचा ओमानवाला मुलगा. त्याने मला वहीचं एक पान दाखवलं. स्पर्धेनंतर घरी जाऊन त्याने नकाशावर मुंबईची ती रेषा पुढे नेली होती. ओमान, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, मग अटलांटिक, डोमिनिकन रिपब्लिक, हैती, मेक्सिको. पेन्सिलीने लिहिलेली यादी, दोन ठिकाणी खोडरबराने भोक पडलेलं. मेक्सिकोपाशी त्याने चौकट केली होती. ‘काका, मेक्सिको सिटी जवळजवळ आपल्याच लाइनीत आहे,’ तो म्हणाला, ‘मग तिथले लोक मे महिन्यात स्वेटर कसे घालतात?’ मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, ‘मला वाटतं ते उंचावर असणार, महाबळेश्वरसारखं. पण किती उंच ते मी अजून बघितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका.’